लवकर की उशिरा? बॉसचा वार, तुमचं बटण आणि मोजमापाचा प्रश्न

एखादा खेळाडू 'एल्डन रिंग'मधल्या एका बॉसकडून 40 वेळा मरतो आणि 41व्या प्रयत्नात त्याच बॉसला पाडतो. बॉस तोच, तलवार तीच, कॅरेक्टरची लेव्हलही तीच. मग या 40 प्रयत्नांमध्ये नेमकं काय बदललं?

गेम खेळणाऱ्यांना विचारलं तर बहुतेक जण सांगतील, "रिफ्लेक्स सुधारले." काही जण म्हणतील, "हात बसला." दोन्ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात, पण संशोधनाच्या दृष्टीने ती अपुरी आहेत, आणि पहिलं तर बहुधा चूकच आहे. ते चूक का, हे या लेखात बघू. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते चूक आहे हे दाखवायला तुम्हाला काय मोजावं लागेल तेही बघू. कारण मोजायची गोष्टच चुकीची निवडली तर सहा महिने डेटा गोळा करूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडणार नाही. पीएचडीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा विषय ठरवतानाच समजून घ्यावा, मग तुमचा विषय गेमचा असो की भाताच्या वाणांचा.

गेम तुमच्याकडून काय मागतो?

ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डार्क सोल्स' (2011), 'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' (2019) आणि 'एल्डन रिंग' (2022) हे तिन्ही जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचे गेम. सेकिरोला ॲक्शन रोल-प्लेइंग म्हणावं की ॲक्शन-ॲडव्हेंचर, यावर वाद होतो. आपल्याला त्यात पडायचं नाही, कारण बचावाचं टायमिंग समजून घ्यायला तो फार सोयीचा गेम आहे.

बचावाचे मुख्य प्रकार दोन. एक म्हणजे रोल, म्हणजे लोळण घेऊन वार चुकवणं. लोळण घेत असताना थोडा काळ असा असतो की शत्रूचं शस्त्र अंगावरून गेलं तरी गेम तो फटका धरत नाही. दुसरा प्रकार पॅरी. वार लागायच्या ऐन वेळी बटण दाबायचं, म्हणजे तो परतवला जातो. सेकिरोमध्ये याच जातीच्या क्रियेला डिफ्लेक्ट म्हणतात आणि सगळा गेम तिच्यावर उभा आहे.

दोन्हींत बटण एका ठरावीक काळाच्या आत दाबावं लागतं. गेमर त्या काळाला 'विंडो' म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू. गेम सेकंदाला 60 फ्रेम दाखवत असेल तर एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची होते. या लेखातल्या गणितासाठी विंडो 12 फ्रेमची, म्हणजे 200 मिलिसेकंदांची आहे असं धरू. तिचा मधला क्षण हा आदर्श क्षण. त्याच्या 100 मिलिसेकंद आधीपासून 100 मिलिसेकंद नंतरपर्यंत कधीही बटण दाबलं तर तुम्ही वाचलात. हा आकडा सोयीसाठी घेतला आहे. खऱ्या गेममध्ये विंडो शस्त्राप्रमाणे आणि क्रियेप्रमाणे बदलते.

नुसत्या रिफ्लेक्सचं गणित जमत नाही

पडद्यावर दिवा लागला की बटण दाबा, अशी सर्वांत साधी चाचणी घेतली तर तरुण, निरोगी माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. आवाजाला प्रतिसाद यापेक्षा थोडा लवकर मिळतो, पण फरक काही दहा मिलिसेकंदांचाच. सरावाने हा काळ जरा कमी होतो, पण निम्मा वगैरे होत नाही.

आता यात पर्याय घाला. डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी 1868 मध्येच दाखवलं होतं की एका खुणेला एकच उत्तर द्यायचं असेल तर कमी वेळ लागतो, आणि वेगवेगळ्या खुणांना वेगवेगळी उत्तरं द्यायची असतील तर जास्त. पुढे 1952 मध्ये हिक आणि 1953 मध्ये हायमन यांनी याला गणिती रूप दिलं. पर्याय दुप्पट झाले की प्रतिक्रियेचा काळ साधारण सारख्याच मापाने वाढतो. पाठ्यपुस्तकात तुम्ही हे 'हिकचा नियम' म्हणून वाचलं असेल.

सेकिरोमध्ये हा नियम अगदी उघड दिसतो. काही धोकादायक वारांच्या आधी पडद्यावर लाल रंगाचं एक जपानी चिन्ह चमकतं. ते इतकंच सांगतं की आता येणारा वार नेहमीसारखा नाही. तो कोणता, हे सांगत नाही. भोसकणारा वार असेल तर पुढे सरकून तो पायाखाली दाबायचा, पायांवरून फिरणारा असेल तर उडी मारायची, पकड असेल तर दूर व्हायचं. म्हणजे चिन्ह दिसलं तरी निवड बाकी असतेच. नवा खेळाडू चिन्ह दिसताच घाबरून काहीतरी दाबतो. जाणता खेळाडू चिन्हाकडे बघत बसत नाही, तो शत्रूच्या खांद्याकडे आणि शस्त्राच्या टोकाकडे बघतो.

यात कंट्रोलर, गेम आणि टीव्ही यांनी खाल्लेला वेळ मिळवा. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत जाणारा हा काळ काही दहा मिलिसेकंदांपासून शंभराच्या आसपासपर्यंत असू शकतो. सगळी बेरीज केली तर झटपट येणाऱ्या वाराला 'बघून मग दाबणं' जमेल इतका वेळ बऱ्याचदा उरतच नाही. तरीही माणसं असे वार परतवतात. म्हणजे ती निव्वळ रिफ्लेक्सवर खेळत नाहीत.

हे कोडं क्रिकेटच्या अभ्यासकांना आधीच पडलं होतं. पीटर मॅक्लाउड यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांना अशा पृष्ठभागावर खेळायला लावलं, जिथे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल याचा अंदाजच बांधता येत नव्हता. वळलेल्या चेंडूला प्रतिसाद द्यायला या फलंदाजांनाही साधारण 200 मिलिसेकंद लागले, म्हणजे सामान्य माणसाइतकेच. पुढे 2000 मध्ये लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. चेंडू हातातून सुटताना फलंदाज त्याच्याकडे बघतो, मग नजर चेंडूच्या पुढे जाऊन जिथे टप्पा पडेल असं वाटतं तिथे आधीच पोचते. त्यांनी अभ्यासलेल्या फलंदाजांपैकी सरस फलंदाजाची नजर तिथे लवकर पोचत होती.

म्हणजे उत्तम फलंदाजाची प्रतिक्रिया वेगवान नसते, त्याचा अंदाज चांगला असतो. गेममध्येही असंच होत असावं, असं गृहीतक मांडायला हरकत नाही. पण 'अंदाज' हा शब्द अजून फार ढोबळ आहे. तो थोडा फोडून बघू.

मार्गिटची उचललेली काठी

एल्डन रिंगमधला मार्गिट हा बहुतेकांना भेटणारा पहिला मोठा बॉस. आधीचे सोल्स गेम खेळून आलेलेही त्याच्यापुढे गडबडतात. कारण तो काठी वर उचलतो आणि लगेच मारत नाही. ती तशीच धरून ठेवतो. तुम्ही काठी उचलल्याचं बघून रोल करता, रोल संपतो, तुम्ही उभे राहता, आणि मग काठी डोक्यात बसते.

इथे खेळाडूपुढे दोन खुणा आहेत. पहिली, काठी वर गेली. दुसरी, काठी खाली यायला लागली. समजा, पहिल्या खुणेनंतर 1000 मिलिसेकंदांनी बटण दाबणं आदर्श आहे आणि दुसऱ्या खुणेनंतर 300 मिलिसेकंदांनी. कोणत्या खुणेपासून मोजायचं?

पहिल्या खुणेपासून मोजलं तर वेळ भरपूर मिळतो, पण एक अडचण आहे. मनातल्या मनात मोजलेला काळ जितका लांब, तितकी त्यातली चूक मोठी. ढोबळमानाने ही चूक काळाच्या प्रमाणात वाढते. वेबरचा नियम वजनाच्या किंवा प्रकाशाच्या बाबतीत वाचला असेल, तोच इथे काळाला लागू होतो. समजा एखाद्या खेळाडूचं प्रमाण विचलन मोजलेल्या काळाच्या 10 टक्के आहे. 1000 मिलिसेकंद मोजताना ते 100 होईल. आपली विंडो आदर्श क्षणाच्या दोन्ही बाजूंना 100 ची. म्हणजे सरासरी अचूक असूनही हा खेळाडू 100 पैकी साधारण 68 वेळाच वाचेल.

दुसऱ्या खुणेपासून 300 मिलिसेकंद मोजले तर प्रमाण विचलन 30 वर येतं आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी वाचतो. पण 300 मिलिसेकंद म्हणजे प्रतिक्रियेच्या काळापेक्षा जेमतेम थोडे जास्त. त्यात 'रोल करू की उडी मारू की मागे जाऊ' असा विचार करायला जागा नाही. पर्याय तीन-चार असले की हे गणितही फसतं.

यातून सुटायचा मार्ग एकच. लवकर दिसणाऱ्या खुणेवरून 'कोणता वार' हे ओळखून उत्तर आधीच ठरवून ठेवायचं, आणि उशिरा दिसणाऱ्या खुणेवर 'कधी' एवढंच सोडायचं. काठी वर गेली की रोल करायचा हे ठरलं. आता फक्त ती खाली यायची वाट बघायची. निवड आधी उरकल्यामुळे शेवटी उरते ती साधी प्रतिक्रिया, आणि ती 300 मिलिसेकंदांत बसते.

म्हणून चाळीस प्रयत्नांत काय बदललं याचं माझं उत्तर असं: खेळाडू वेगवान झाला नाही. कोणत्या खुणेवरून काय ठरवायचं आणि कोणत्या खुणेची वाट बघायची, हे तो शिकला.

पण थांबा. हे उत्तर पटण्यासारखं आहे म्हणून ते सिद्ध झालं असं होत नाही. सिद्ध करायला डेटा लागेल. आणि इथेच बहुतेक नवशिक्या संशोधन-आराखड्यांचा पाय घसरतो.

दोघांचे गुण सारखे, दुखणी वेगळी

आराखडा लिहायला बसलेला विद्यार्थी सहसा असं लिहितो: 'प्रत्येक सहभागीला 100 वार दिले जातील आणि यशस्वी बचावांची टक्केवारी मोजली जाईल.' दिसायला स्वच्छ, मोजायला सोपं. आता दोन काल्पनिक खेळाडू घ्या.

अनघा सरासरी 100 मिलिसेकंद उशिरा बटण दाबते, पण तिचं प्रमाण विचलन फक्त 30 आहे. म्हणजे ती दर वेळी जवळजवळ एकाच क्षणी दाबते, पण तो क्षण विंडोच्या अगदी शेवटच्या कडेवर आहे. निम्मे प्रयत्न आत पडतात, निम्मे बाहेर. यश साधारण 50 टक्के.

ओंकारची सरासरी बरोबर आदर्श क्षणावर आहे, पण प्रमाण विचलन 150. कधी फार लवकर, कधी फार उशिरा. प्रसामान्य वितरण धरून गणित केलं तर त्याचंही यश साधारण 50 टक्केच येतं.

तुमच्या तक्त्यात दोघांसमोर एकच आकडा असेल. पण दोघांची गरज एकदम वेगळी आहे. अनघाने आपला क्षण 60 मिलिसेकंदांनी अलीकडे आणला तर तिची सरासरी 40 मिलिसेकंद उशिराची होईल आणि यश 98 टक्क्यांच्या आसपास जाईल. तिला एवढंच सांगायचं आहे की 'जरा लवकर दाब'. ओंकारला 'लवकर दाब' सांगितलं तर त्याचं नुकसानच होईल. त्याने बराच सराव करून प्रमाण विचलन 150 वरून 120 वर आणलं, तरी यश 50 वरून 60 टक्क्यांपर्यंतच पोचेल. त्याला बहुधा वेगळ्या खुणेकडे बघायला शिकावं लागेल, कारण एवढं मोठं विचलन अनेकदा लांबचा काळ मनात मोजल्यामुळे येतं.

कारक कौशल्यांच्या अभ्यासात या दोन गोष्टींना वेगळी नावं आहेत. सरासरी किती सरकली आहे, तीही चिन्हासकट, ही स्थिर त्रुटी. प्रयत्न एकमेकांपासून किती विखुरले आहेत, ही चल त्रुटी. आणि चिन्ह काढून टाकून नुसतं 'किती चुकलं' याची सरासरी घेतली तर ती निरपेक्ष त्रुटी. निरपेक्ष त्रुटीत पहिल्या दोन्ही मिसळून जातात, त्यामुळे ती एकटी कधीच पुरत नाही. यश-अपयश अशा दोनच खान्यांत डेटा टाकला तर तेवढीही माहिती उरत नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी की कच्चा वेळ नोंदवून ठेवला असेल तर त्यातून टक्केवारी केव्हाही काढता येते. नुसती टक्केवारी नोंदवली असेल तर त्यातून वेळ परत काढता येत नाही. शंका असेल तेव्हा कच्ची नोंद ठेवा.

गेम स्वतः काय सांगतो?

हाच प्रश्न खेळाडूच्या बाजूने बघितला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. एल्डन रिंगमध्ये रोल लवकर केला तरी फटका बसतो, उशिरा केला तरी बसतो. शेवटी लाल अक्षरांत 'यू डाइड' येतं. चुकलं हे कळतं, कोणत्या बाजूला चुकलं ते थेट कळत नाही. ते खेळाडूला स्वतः आठवून शोधावं लागतं.

सेकिरोमध्ये असं नाही. बटण थोडं लवकर दाबून धरून ठेवलं तर वार अडतो, जीव वाचतो, पण तोल ढळल्याचा मीटर भरत जातो. वेळ अचूक साधली तर वेगळा खणखणीत आवाज येतो आणि मोठी ठिणगी उडते. उशीर झाला तर सरळ फटका. म्हणजे लवकर, अचूक आणि उशिरा या तिन्हींचे परिणाम वेगळे. गेम तुम्हाला चुकीची दिशा सांगतो. शिवाय घाबरून सारखं बटण दाबत राहिलं तर डिफ्लेक्टची विंडो आकसते, त्यामुळे नशिबावर सोडून दिलेला बचाव फार काळ टिकत नाही.

दिशा सांगणाऱ्या अभिप्रायाने शिकणं लवकर होतं, हे सहज पटतं. पण इथे एक इशारा द्यायला हवा. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी 1984 मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवलं की सतत मिळणारा अभिप्राय सरावाच्या वेळी कामगिरी सुधारतो, पण माणूस त्याच्यावर टेकून राहू शकतो. अभिप्राय काढून घेतला की कामगिरी घसरते. सायकलच्या आधाराच्या चाकांसारखं. म्हणून 'अभिप्रायाने सुधारणा झाली' असं लिहिण्याआधी अभिप्राय बंद करून एकदा मोजावं लागतं.

सरावात चांगलं दिसणं आणि शिकणं

सेकिरोच्या पडक्या मंदिराबाहेर हानबेई नावाचं एक पात्र आहे. तो मरत नाही आणि तुम्हाला हव्या त्या प्रकारचा सराव देतो. डिफ्लेक्टचा सराव हवा असेल तर तोच, पुन्हा पुन्हा. हा झाला एकगठ्ठा सराव. खरा बॉस असं करत नाही. तो पाच-सहा प्रकारचे वार मिसळून, कोणत्याही क्रमाने मारतो. हा झाला मिसळलेला सराव.

शी आणि मॉर्गन यांनी 1979 मध्ये हीच तुलना प्रयोगशाळेत केली. हाताने लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे, असे तीन प्रकार होते. एका गटाने एक प्रकार संपवून मग दुसरा केला, दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केले. सरावाच्या वेळी एकगठ्ठा गट वेगवान होता. पण 10 मिनिटांनी आणि पुन्हा 10 दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा मिसळून सराव केलेला गट सरस निघाला.

यातून पद्धतीचा धडा असा. सरावाच्या शेवटी मोजलेली संख्या ही कामगिरी आहे, शिकणं नव्हे. शिकणं मोजायला किमान दोन चाचण्या हव्यात. काही काळानंतर तेच काम पुन्हा देणारी धारणा चाचणी, आणि थोडं बदललेलं काम देणारी संक्रमण चाचणी. आपल्या प्रश्नात संक्रमण चाचणी म्हणजे त्याच हालचालींचा पण वेगळ्या लयीचा बॉस. ज्याने फक्त 'काठी उचलल्यापासून एक सेकंद' असं पाठ केलं आहे तो इथे कोसळेल. ज्याने काठी खाली येण्याची वाट बघायला शिकलं आहे तो टिकेल. 'खेळाडू खूण शिकला' हे वर मांडलेलं गृहीतक तपासायची खरी जागा हीच.

आता दुसरी बाजू. लाकडी अडथळ्यांवरून थेट बॉस-फाइटवर उडी मारू नका. वुल्फ आणि शी यांनी 2002 मध्ये याच धोक्याबद्दल लिहिलं आहे. साध्या कौशल्यांवरून काढलेली तत्त्वं गुंतागुंतीच्या कौशल्यांना तशीच लागू पडतील असं नाही. अगदी नवख्या माणसाला सुरुवातीपासून सगळे वार मिसळून दिले तर तो काहीच न शिकता कंट्रोलर बाजूला ठेवेल, हीही शक्यता आहे. हानबेई गेममध्ये उगाच ठेवलेला नाही.

सरासरीची वक्ररेषा आणि सोडून गेलेले लोक

गेमवरचं संशोधन आकर्षक वाटण्याचं एक कारण म्हणजे डेटाचं प्रमाण. स्टॅफर्ड आणि ड्यूअर यांनी 2014 मध्ये 'ॲक्सॉन' नावाच्या साध्या ऑनलाइन गेमच्या 8,54,064 खेळाडूंचा डेटा तपासला. प्रयोगशाळेत एवढी माणसं कुणाला मिळणार? त्यांना असं दिसलं की ज्यांच्या सरावाच्या वेळांमध्ये अंतर होतं आणि ज्यांचे सुरुवातीचे निकाल जास्त वरखाली होते, त्यांची पुढची कामगिरी सरस होती.

अशा डेटाच्या बाबतीत दोन सापळे ओळखून ठेवा.

पहिला, गळती. 50वा प्रयत्न करणारे लोक आणि पहिला प्रयत्न करणारे लोक सारखे नसतात. ज्यांना जमत नव्हतं ते मध्येच सोडून गेले. उरलेल्यांची सरासरी वर जाते, कुणी एकही गोष्ट शिकलेलं नसलं तरी. म्हणून आलेख काढताना प्रत्येक टप्प्यावर तीच माणसं आहेत का, हे आधी बघा.

दुसरा, सरासरीची रेषा. अनेक लोकांची सरासरी काढली की शिकण्याची वक्ररेषा छान गुळगुळीत दिसते. हीथकोट, ब्राउन आणि म्युहॉर्ट यांनी 2000 मध्ये दाखवलं की सरासरीच्या रेषेचं गणिती रूप आणि एकेका माणसाच्या रेषेचं रूप वेगळं असू शकतं. आपल्या प्रश्नात तर हे फारच महत्त्वाचं आहे. खेळाडू एका प्रयत्नात अचानक नवी खूण पकडत असेल तर त्याची रेषा पायरीसारखी उडी घेईल. पण कुणाची पायरी 12व्या प्रयत्नात, कुणाची 30व्या. सगळ्यांची सरासरी काढली की उतरणीसारखी रेषा मिळते आणि पायरी नाहीशी होते. मग तुम्ही लिहाल की शिकणं हळूहळू होतं, आणि एकाही खेळाडूच्या बाबतीत ते खरं नसेल. आधी प्रत्येकाचा वेगळा आलेख काढा, मग सरासरीकडे वळा.

छोटा प्रयोग कसा आखाल?

यासाठी एल्डन रिंग लागत नाही. व्यावसायिक गेममध्ये तुम्हाला विंडो बदलता येत नाही आणि आतली नोंदही सहज मिळत नाही. सायकोपायसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक काठी वर जाते, थांबते, खाली येते, एवढं दाखवता आलं तरी पुरे. आराखड्यात मात्र पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहा.

1. कोणता क्षण नोंदवणार? बटण दाबल्याचा की सोडल्याचा? हा प्रश्न क्षुल्लक नाही. एल्डन रिंगमध्ये रोल आणि धावणं एकाच बटणावर असल्यामुळे रोल बटण सोडल्यावर होतो. बटण रेंगाळत सोडणारा खेळाडू उशीर करणारा दिसेल, पण त्याचा अंदाज बरोबर असू शकतो.

2. यंत्राचा उशीर किती? वापरणार तो संगणक, पडदा आणि बटण यांचा उशीर आधी मोजा आणि सगळ्या सहभागींना तोच संच द्या. नाहीतर माणसाची म्हणून मांडलेली स्थिर त्रुटी टीव्हीची निघेल.

3. थांबण्याचा काळ बदलता ठेवा. काही वारांत काठी 400 मिलिसेकंद थांबेल, काहींत 700, काहींत 1000. खेळाडू पहिल्या खुणेपासून मोजत असेल तर थांबण्याच्या काळाप्रमाणे त्याची त्रुटी बदलेल. दुसऱ्या खुणेवर असेल तर फारशी बदलणार नाही. एवढ्या एका गोष्टीवरून तो काय बघतो आहे याचा अंदाज येतो, नजरेचा माग काढणारं महागडं यंत्र नसलं तरी.

4. फसवे वार घाला. काही वेळा काठी वर जाऊन न मारताच परत खाली ठेवली जाऊ दे. तेव्हाही बटण दाबलं गेलं तर त्याची वेगळी नोंद करा. सारखं बटण दाबणारा आणि खरोखर ओळखणारा यांतला फरक तिथे दिसतो.

5. प्रतिक्रियेचा साधा काळ आधी आणि नंतर मोजा. सराव करून बचाव सुधारला पण साधा प्रतिक्रिया-काळ तेवढाच राहिला, तर 'रिफ्लेक्स सुधारले' या स्पष्टीकरणाला आधार उरत नाही. दोन्ही सुधारले, तर माझं वरचं उत्तर अपुरं आहे असं म्हणावं लागेल. आपलं गृहीतक कशाने पडेल हे आधीच लिहून ठेवायचं असतं, ते हे असं.

6. सहभागींची संमती, आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि याआधी ते असे गेम किती खेळले आहेत याची नोंद. शेवटची गोष्ट विसरली तर जुने सोल्स खेळाडू आणि नवखे एकाच गटात मिसळतील आणि निकालाचा अर्थ लावता येणार नाही.

आता वही काढा आणि स्वतःच्या विषयासाठी तीन ओळी लिहा. तुम्ही मोजणार असलेला मुख्य आकडा कोणता? अनघा आणि ओंकारसारखी, आकडा सारखा पण कारण वेगळं असलेली दोन उदाहरणं तुमच्या विषयात कोणती असू शकतात? त्यांना वेगळं ओळखायला आणखी कोणती नोंद लागेल? दुसऱ्या ओळीत काहीच सुचलं नाही तर मोजमाप निर्दोष आहे असं समजू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की आपण अजून कच्चा डेटा जवळून बघितलेला नाही. पाच-सहा जणांवर छोटी चाचणी घ्या, प्रत्येकाच्या नोंदी एकेक करून कागदावर मांडा, आणि मगच मार्गदर्शकांकडे आराखडा घेऊन जा.